व्यवहार-विवेक : छोट्या विमानाची बॅटरी आणि खरे माप

व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला पारख वेगळी शिकवावी लागत नाही. धान्य मुठीत घेऊन, कापड बोटांत चुरगाळून, सोने कसोटीवर घासून माल कसा पाहावा, हे त्याला वडिलांच्या गादीशेजारी बसूनच समजते. परंतु याच घरातील बारा-चौदा वर्षांचा मुलगा रेडिओ-नियंत्रित विमानासाठी बॅटरी मागतो, तेव्हा पारखणारे हात थबकतात. दुकानदार देईल ती बॅटरी घेतली जाते, आणि बहुधा तीच, जिच्यावर सर्वांत मोठा आकडा छापलेला असतो. या वस्तूची निवड चुकली तर पैसे वाया जातात, कधी विमान जमिनीवर आपटते आणि क्वचित राहत्या घरात आग लागते. म्हणून या लहानशा खरेदीकडेही व्यापाऱ्याच्या आणि श्रावकाच्या, अशा दोन्ही दृष्टींनी पाहिले पाहिजे.

मुंबईच्या उपनगरांना विमानाचे वेड नवे नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूच्या धावपट्टीवर उतरले. पवईच्या आयआयटीत शिकलेल्या तरुणांनी २००७ मध्ये ‘आयडियाफोर्ज’ ही कंपनी स्थापन केली. २००९ च्या ‘थ्री इडियट्स’ चित्रपटात उडालेले चार पंख्यांचे यंत्र त्यांनीच बनवले होते, आणि जुलै २०२३ मध्ये या कंपनीच्या समभागांची शेअर बाजारात नोंदणी झाली. एनसीसीच्या हवाई शाखेतील छात्रांना आजही छोटी विमाने बांधण्याचे आणि उडवण्याचे शिक्षण मिळते. तेव्हा मुलाच्या छंदाला केवळ पोरखेळ म्हणून बाजूला सारणे योग्य नाही. त्यात गणित आहे, हातांची शिस्त आहे आणि उद्याचा उद्योगही आहे.

या छंदाची सारी प्रगती बॅटरीच्या वजनाशी बांधलेली आहे. ३० जून १९५७ रोजी इंग्लंडमध्ये कर्नल टॅपलिन यांनी ‘रेडिओ क्वीन’ नावाचे छोटे विमान विजेच्या मोटरवर उडवले. विजेवर चालणाऱ्या रेडिओ-नियंत्रित विमानाचे ते पहिले अधिकृत नोंद झालेले उड्डाण होय. त्यात चांदी आणि जस्त यांची बॅटरी होती. पुढे निकेल-कॅडमियम आले, त्यानंतर निकेल-मेटल हायड्राइड. १९९१ मध्ये सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि वजनाचे जुने गणितच बदलले. या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तीन कामे, तीन बॅटऱ्या

‘विमानाची बॅटरी’ असा एकच शब्द वापरला जातो, पण कामे तीन आहेत. पहिले काम उडवणाऱ्याच्या हातातील ट्रान्समीटरचे, दुसरे विमानातील रिसीव्हर आणि सर्व्होंचे, आणि तिसरे पंखा फिरवणाऱ्या मोटरचे. प्रत्येकाची भूक निराळी असल्याने एकाच जातीचा माल तिन्ही ठिकाणी घेणे चुकीचे ठरते.

ट्रान्समीटरला वीज थोडी लागते, पण ती तासन्‌तास लागते. तेथे वजनाची फारशी अडचण नाही. म्हणून निकेल-मेटल हायड्राइडचे पेन्सिल आकाराचे सेल उत्तम. यातही स्वतःहून हळू उतरणारे, म्हणजे महिनोन्‌महिने ठेवूनही बरीचशी वीज राखणारे सेल मिळतात. थोडे अधिक पैसे देऊन तेच घ्यावेत. हे सेल शेकडो वेळा भरता येतात, आणि घरातील भिंतीवरचे घड्याळ किंवा टीव्हीचा रिमोट यांनाही चालतात.

इंधनाच्या इंजिनावर चालणाऱ्या विमानात रिसीव्हरसाठी स्वतंत्र बॅटरी असते. ती मध्येच संपली तर विमान कोणाच्याही हाती राहत नाही. वेगाने फिरणारा पंखा लावलेली एक-दोन किलोची वस्तू माणसावर, मुलावर किंवा जनावरावर कोसळू शकते. येथे भरवसा हाच एकमेव निकष ठेवावा. चार सेलांची ४.८ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड किंवा दोन सेलांची ६.६ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी या कामाला योग्य. दुसरी घेताना विमानातील सर्व्हो ६.६ व्होल्ट सहन करतात की नाही, हे आधी पाहावे; जुने सर्व्हो अनेकदा ६ व्होल्टपर्यंतचेच असतात. विजेच्या लहान विमानात ही वेगळी बॅटरी लागत नाही. मोटरच्या बॅटरीतूनच वेगनियंत्रक रिसीव्हरला वीज पुरवतो.

मोटरला मात्र थोड्या मिनिटांत भरपूर वीज हवी असते आणि वजन कमीत कमी हवे असते. एक किलोच्या शिकाऊ विमानाला ११ व्होल्टच्या आसपासची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी घ्यायची तर नऊ दणकट सेल जोडावे लागतात आणि वजन सुमारे अर्धा किलो होते. तेच काम तीन सेलांची लिथियम पॉलिमर बॅटरी सुमारे १८० ग्रॅममध्ये करते. त्यामुळे मोटरसाठी आज लिथियम पॉलिमरच घेतली जाते. हीच जात तिघींत सर्वांत तापट असल्याने खरी काळजी येथूनच सुरू होते.

आकड्यांचा अर्थ

लिथियम पॉलिमर बॅटरीवर तीन आकडे असतात. पहिला सेलांची संख्या सांगतो. एका सेलचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट, म्हणून तीन सेलांची बॅटरी ११.१ व्होल्टची. पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्टवर पोहोचतो, त्याच्या पुढे त्याला नेऊ नये. दुसरा आकडा धारणेचा, उदाहरणार्थ २२०० एमएएच. म्हणजे ही बॅटरी २.२ अँपिअरचा प्रवाह एक तास देऊ शकते. तिसरा आकडा ‘सी’चा. धारणेला ‘सी’ने गुणले की बॅटरी जास्तीत जास्त किती प्रवाह देईल ते कळते. २.२ गुणिले २५ म्हणजे ५५ अँपिअर.

आता विमानाची गरज पाहावी. शिकाऊ विमानाला दर किलो वजनामागे सुमारे २०० वॅट पुरतात. एक किलोचे विमान, ११.१ व्होल्टची बॅटरी, म्हणजे पूर्ण जोरात सुमारे १८ अँपिअर. २५ सीची बॅटरी ५५ अँपिअर देण्याचे सांगते, म्हणजे गरजेच्या तिप्पट. छापील आकडा अर्धाच खरा निघाला तरी काम भागते. अशा विमानासाठी १०० सीची बॅटरी घेणे म्हणजे रोज दोन पोती धान्य विकणाऱ्याने मालगाडी भाड्याने घेण्यासारखे आहे. पैसे जास्त जातात, बहुधा वजनही वाढते आणि पदरात काही पडत नाही.

धारणेचेही तसेच. २२०० च्या जागी ४००० एमएएच घेतली तर उड्डाणाचा वेळ जवळजवळ दुप्पट होईल, असे वाटते. पण बॅटरी तीनशे ग्रॅमच्या पुढे जाते, विमान जड होते, हवेत तरंगण्यासाठी त्याला अधिक वेग लागतो आणि उतरतानाही ते वेगाने उतरते. शिकणाऱ्याच्या हातून विमाने बहुतेक उतरतानाच मोडतात. त्यापेक्षा निर्मात्याने सांगितलेल्या धारणेच्या दोन बॅटऱ्या घ्याव्यात. एक संपली की मूल दहा मिनिटे सावलीत बसते, मोटरही थंड होते.

आणखी एक हिशेब मुलाला आरंभीच शिकवावा. बॅटरीतील विजेचा शेवटचा पाचवा भाग शिल्लक ठेवायचा. २२०० एमएएचच्या बॅटरीतून पूर्ण जोरात सहा मिनिटांहून कमी वेळ मिळतो. निम्म्या जोरात उडवले तर आठ-दहा मिनिटे. घड्याळ लावून वेळेआधी उतरावे. उतरल्यानंतर थोड्या वेळाने मोजलेला प्रत्येक सेलचा दाब ३.७ व्होल्टच्या आसपास असावा. ३ व्होल्टखाली गेलेला सेल पुढे भरवशाचा राहत नाही. मुद्दलाला हात लावायचा नाही, हा पेढीचा जुना नियम येथेही लागू पडतो.

तराजूची साक्ष

बाजारात आकडे फुगवून छापण्याची खोड मोठी आहे. गोल लिथियम-आयन सेलांत हे सर्वांत उघड दिसते. १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा सेल ‘१८६५०’ या नावाने विकला जातो. चांगल्या कंपन्यांचे असे सेल साधारणपणे २५०० ते ३५०० एमएएचचे असतात. तरीही ९९०० एमएएच छापलेले सेल सर्रास विकले जातात. एवढी वीज त्या आकारात मावणेच शक्य नाही. ओळखण्याचा सोपा उपाय दुकानातच आहे. अस्सल सेलचे वजन ४५ ते ५० ग्रॅम भरते. नकली सेल पुष्कळदा तीस-पस्तीस ग्रॅमच भरतो, कारण आत माल कमी असतो. सराफाच्या काट्यावर तो ठेवला की लेबल खोटे बोलते की खरे, हे क्षणात कळते.

लिथियम पॉलिमरलाही हीच कसोटी लावावी. तीन सेलांची २२०० एमएएचची बॅटरी १७० ते १९० ग्रॅमच्या आसपास असते. त्याच आकड्यांची बॅटरी १३० ग्रॅमच भरत असेल तर आकड्यावर विश्वास ठेवू नये. बिल मागावे, बीआयएसचा नोंदणी क्रमांक पाहावा आणि कडा दाबल्या गेलेली, वेष्टन फाटलेली किंवा किंचितही फुगलेली बॅटरी हाती घेऊ नये.

ही गोष्ट घेणाऱ्याइतकीच विकणाऱ्याचीही आहे. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिक मानोन्मान’ आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’ अशी दोन नावे आहेत. पहिल्याचा अर्थ देण्या-घेण्याची मापे कमी-अधिक ठेवणे, दुसऱ्याचा अस्सल म्हणून नकली माल देणे. ज्यांनी हे अतिचार सांगितले त्यांच्यासमोर तराजू आणि शेर होते, एमएएच नव्हते. पण ९९०० छापलेला सेल हे आजचे खोटे मापच आहे, आणि कारखाना कोणाचाही असो, तो जाणूनबुजून ग्राहकाला देणारा त्या दोषातून सुटत नाही. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या धंद्यात आज समाजातील अनेक तरुण आहेत. आलेल्या मालातील चार नग वजन करून आणि मोजून पाहण्यास अर्धा तास पुरतो. तेवढ्याने दुकानाचे नाव राहते आणि व्रतही राहते.

सदनिकेतील यतना

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत बहुतेक कुटुंबे बहुमजली इमारतींत राहतात. एका घरातील आग ही साऱ्या जिन्याची आग असते. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि एका लहान मुलाला प्राण गमवावे लागले. स्कूटरची बॅटरी फार मोठी असते हे खरे, पण लिथियमच्या छोट्या बॅटरीतही तीच उष्णता थोड्या प्रमाणात कोंडलेली असते. तिला टोचले, चिरडले, प्रमाणाबाहेर भरले किंवा तिची दोन टोके एकमेकांना भिडली, तर सेल स्वतःची आग स्वतःच पेटवतो.

जैन विचारात अग्निकाय हा षट्कायांपैकी एक आहे, आणि पेटलेली आग उरलेल्या साऱ्या कायांचा घात करते. म्हणून येथे यतना, म्हणजे जागरूकपणे वागणे, हा केवळ सुरक्षिततेचा नियम उरत नाही. चार्जर प्रत्येक सेलचा दाब वेगळा राखणारा, म्हणजे बॅलन्स चार्जरच असावा. चार्जरवर बॅटरीची जात अचूक निवडावी. लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल ३.६ व्होल्टवर भरतो. त्याला चुकून लिथियम पॉलिमरच्या ४.२ व्होल्टवर लावले किंवा लिथियम बॅटरी निकेलच्या चार्जरवर लावली, तर धोका ओढवतो. भरण्याचा प्रवाह धारणेइतकाच ठेवावा. २२०० एमएएचला २.२ अँपिअर. घाईसाठी तो वाढवू नये.

चार्जिंग फरशीवर, पडदे, गाद्या आणि कागदांपासून दूर करावे. मातीच्या रुंद कुंडीत किंवा धातूच्या उघड्या डब्यात बॅटरी ठेवावी आणि शेजारी कोरडी वाळू असावी. घराबाहेर पडण्याच्या वाटेवर, दाराशी किंवा जिन्यात चार्जिंग करू नये. मोठे माणूस घरात जागे असेल तेव्हाच करावे. रात्री झोपताना किंवा देरासरला निघताना चार्जर बंद असलाच पाहिजे. बॅटरीतून धूर येऊ लागला तर तो विषारी असतो, हे लक्षात ठेवून आधी माणसांना बाहेर काढावे आणि १०१ वर अग्निशमन दलाला बोलवावे. ज्यांना इतकी दक्षता शक्य नाही, त्यांनी मुलाला हातांनी फेकायचे ग्लायडर द्यावे. त्यातही उड्डाणाचे सारे मूळ धडे आहेत.

परदेशातून माल घेऊन येणाऱ्यांसाठीही एक सूचना. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईजवळ एका मालवाहू विमानातील लिथियम बॅटऱ्यांच्या मालाला आग लागली. विमान कोसळून दोन्ही वैमानिक दगावले. प्रवाशांनी सुट्या लिथियम बॅटऱ्या मोठ्या बॅगेत न टाकता हातातील सामानात, टोकांना चिकटपट्टी लावून न्यायच्या असतात, आणि परवानगीविना १०० वॅट-तासांपर्यंतच्याच. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास केले की आकडा मिळतो, ११.१ गुणिले २.२ म्हणजे सुमारे २४ वॅट-तास.

उडवावे कोठे

बॅटरी उत्तम असली तरी कोठेही विमान उडवता येत नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार देशाच्या आकाशाचे लाल, पिवळे आणि हिरवे असे भाग केले आहेत. विमानतळाजवळील अंधेरी, घाटकोपर यांसारख्या भागांत गच्चीवरून किंवा मैदानातून विमान उडवण्याचा विचारही करू नये. मुंबई पोलीसही वेळोवेळी अशा यंत्रांवर बंदीचे आदेश काढतात. निघण्यापूर्वी सरकारी नकाशा आणि चालू आदेश पाहून शहराबाहेरील मोकळी, परवानगी असलेली जागा निवडावी. संक्रांतीला मांज्याने जखमी झालेल्या पक्ष्यांसाठी धावणाऱ्या समाजाला हे वेगळे सांगायला नको, की थवे येण्या-जाण्याच्या वेळी विमान आकाशात नसावे.

चातुर्मासातील बॅटरी

आषाढात साधु-साध्वींचा विहार थांबतो. पावसाने जमीन जीवजंतूंनी भरलेली असते. ओल्या गवतातून धावणे श्रावकालाही टाळण्यासारखे असते. विमानेही याच काळात घरी बसतात. तेव्हा मुले बॅटऱ्या पूर्ण भरून कपाटात ठेवतात आणि कार्तिकात त्या फुगलेल्या सापडतात. लिथियम बॅटरी चार महिने पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी, दोन्ही प्रकारे झिजते. चार्जरवर साठवणुकीचा पर्याय असतो. त्याने प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या जवळ आणून ठेवावा. ना पोट भरलेले, ना उपाशी. बॅटरीची ही ऊनोदरीच म्हणावी. धातूच्या डब्यात, कोरड्या आणि थंड जागी, एकमेकींची टोके भिडणार नाहीत अशा ठेवाव्यात. महिन्यातून एकदा दाब मोजून वहीत लिहावा. कार्तिकी पौर्णिमेनंतर मैदानावर जाताना वही पाहिली की कोणती बॅटरी थकली, हे आपोआप समजते. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत तर बॅटरी कोणत्याच ऋतूत ठेवू नये.

ही वही खरा खर्चही सांगते. समजा, दोन हजार रुपयांची बॅटरी शंभर उड्डाणांत फुगली, तर दर उड्डाणाला वीस रुपये पडले. जपून वापरल्याने ती दोनशे उड्डाणे टिकली, तर दहा. स्वस्त आणि महाग यांचा निर्णय दुकानातील किमतीने होत नाही, तो या वहीने होतो.

शेवटची जबाबदारी

फुगलेली, आपटलेली किंवा लवकर उतरणारी बॅटरी ‘अजून चालते’ म्हणून वापरू नये. ती ओल्या किंवा सुक्या कचऱ्यातही टाकू नये. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली जाते आणि आग लागू शकते. त्या आगीशी पहिली गाठ सफाई कामगाराची पडते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि त्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवून योग्य ठिकाणी देण्याची ग्राहकावर. सोसायटीतील एका कुटुंबाने पुढाकार घेऊन सर्वांच्या जुन्या बॅटऱ्या टोकांना पट्टी लावून एकत्र कराव्यात आणि अधिकृत पुनर्चक्रण केंद्राकडे द्याव्यात. पर्युषणापूर्वी घराची झाडलोट होते, तेव्हा हे काम सहज होईल.

श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरमण आहे, म्हणजे निष्कारण घडणाऱ्या हिंसेपासून दूर राहणे. छंद अनर्थदंड ठरतो की विद्या, हे बरेचसे त्याच्या साधनांच्या वापरावर ठरते. विमानाच्या गरजेएवढीच बॅटरी, काट्यावर पडताळलेला आकडा, जागत्या डोळ्यांखाली केलेले चार्जिंग आणि जुन्या मालाची योग्य पाठवणी, ही चार पथ्ये पाळणाऱ्या घरात मुलाच्या मागणीला आनंदाने होकार द्यावा. बॅटरीचे वजन करताना त्यालाच काट्याशी उभे करावे. खरे माप कसे घ्यावे, हे त्याला पुढे पेढीवरही उपयोगी पडेल.